कासेची कैफियत

गाईम्हशींच्या कासेला होणाऱ्या दाहाला आपल्या खेड्यांतून 'दगडी' असे नाव आहे, आणि ते अन्वर्थक आहे. धार काढून झाल्यावर रित्या पिशवीसारखी सैल पडणारी कास एके दिवशी सकाळी तापलेली, ताणलेली आणि दगडासारखी घट्ट झालेली आढळते; जनावर हात लावू देत नाही; सडातून दुधाऐवजी पिवळट पाणी, गाठी, पू आणि क्वचित रक्तही येते; आणि घरधनीण कासंडी तशीच रिकामी घेऊन माजघरात परतते. मग कोणाची तरी दृष्ट लागल्याचा संशय निघतो, मीठमोहऱ्या ओवाळल्या जातात, तालुक्याच्या गावी पशुवैद्याकडे निरोप धाडला जातो, आणि तो येईपर्यंत एखादा सड कायमचा बसलेला असतो. परंतु ज्या कोणा पूर्वजाने या व्याधीला हे नाव दिले, त्याने तिच्या अनेक लक्षणांतून जे एक उचलले, ते पहिले नसून जवळजवळ शेवटचे होते. घर जळून गेल्यावर उरलेल्या कोळशांवरून आगीला नाव द्यावे, तसा हा प्रकार झाला. कास दगड होण्यापूर्वी कित्येक दिवस, कधी कित्येक महिने, रोग आत वस्तीला असतो, दूध पांढरेशुभ्र दिसते, जनावर वैरण खाते, रवंथ करते, आणि त्याच्या मालकाला कशाचाही पत्ता नसतो. या अवस्थेला पशुवैद्यकात सुप्त कासदाह असे म्हणतात. गोठ्यागोठ्यातून उघड दगडीपेक्षा हा सुप्त दाहच कितीतरी अधिक असतो, आणि दुधाच्या धंद्याचे खरे नुकसानही तोच करतो. या प्रकरणात मुख्यतः या सुप्त अवस्थेचा विचार करावयाचा आहे. आणि तोही कपडे धुण्याच्या पुडीपासून मिळणाऱ्या एका विलक्षण साहाय्याच्या अनुषंगाने.

कास बाहेरून एकच दिसत असली तरी आतून ती चार बिऱ्हाडांची चाळ आहे. प्रत्येक बिऱ्हाडाचे दूध तयार करणारे कोष वेगळे, ते साठविणारी पोकळी वेगळी आणि बाहेर पडण्याचे दार, म्हणजे सड, तोही वेगळा. मधल्या भिंतीतून एकाचे दूध दुसऱ्यात कधी उतरत नाही. एका लिटर दुधासाठी चारशे-पाचशे लिटर रक्त या कासेतून फिरून जावे लागते, एवढी मोठी उलाढाल या चाळीत अहोरात्र चालू असते. आणि या सगळ्या वैभवाच्या रक्षणासाठी निसर्गाने ठेवलेला पहारेकरी पाहिला तर आश्चर्य वाटते. सडाच्या टोकाशी असलेली, जेमतेम एक सेंटिमीटर लांबीची एक नलिका, तिच्याभोवती स्नायूंचे एक वेटोळे आणि तिच्या आतल्या अंगाला मेणासारख्या द्रव्याचा एक पातळ थर, एवढाच काय तो बंदोबस्त. धार काढताना ही नलिका उघडते, आणि धार संपल्यावर लगेच मिटत नाही. पुरती मिटावयास तिला सुमारे अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात दूध देऊन दमलेली गाय शेणामुताने ओल्या झालेल्या जमिनीवर बसली, की दार उघडे टाकून घरमालकाने वामकुक्षी घ्यावी तशी तिची स्थिती होते.

या दारातून आत शिरणाऱ्या जंतूंचे दोन कुळाचार आहेत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकॉकस अ‍ॅगॅलॅक्शिए ही मंडळी कासेतच मुक्काम करून राहणारी असून, एका जनावराकडून दुसऱ्याकडे ती धार काढणाराच्या हातांनी, कास पुसण्याच्या एकाच फडक्याने, किंवा एका सडाला तोंड लावून दुसऱ्याकडे वळणाऱ्या वासराच्या जिभेने प्रवास करतात. दुसरे कुळ ई. कोलायसारख्यांचे, यांचे राहणे शेणात, चिखलात, सडलेल्या बैठकीत, आणि कासेत त्यांचा प्रवेश होतो तो केवळ संधी साधून. फ्रेंच पशुवैद्य नोकार याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात कासदाहाचा संबंध साखळीसारख्या जंतूंशी जोडून दाखविला. पुढे त्या जंतूला मिळालेल्या 'अ‍ॅगॅलॅक्शिए' या विशेषणाचा अर्थ 'दूध नाहीसे करणारा' असा आहे. खेड्यातल्या माणसाने रोगाला कासेच्या स्पर्शावरून नाव दिले, तर विद्वानांनी जंतूला रिकाम्या कासंडीवरून दिले. दोघांनाही रोग उशिराच दिसला, एवढाच याचा अर्थ.

जंतू आत येताच रक्तातील पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंती ओलांडून दुधात उतरतात आणि तेथे जो संग्राम होतो त्यावरच आपल्या सर्व परीक्षा उभारलेल्या आहेत. निरोगी सडाच्या दुधात या कायिक पेशी नसतातच असे नाही. एका मिलिलिटरात त्या साधारणपणे एक लाखाच्या आत असतात. संख्या दोन लाखांच्या वर गेली की आत काहीतरी बिघडले आहे असे धरून चालावे लागते, आणि दाह जोरात असता ती पन्नास लाखांचाही टप्पा ओलांडते. याच वेळी कोषांच्या भिंती झिरपू लागल्यामुळे रक्तातील मीठ दुधात येते, दुधातील शर्करा घटते, आणि सुमारे ६.६ सामू असलेले, म्हणजे किंचित आम्लधर्मी, दूध रक्ताच्या ७.४ या सामूकडे सरकू लागते. हे सर्व होत असता दुधाचा रंग पालटत नाही. पांढऱ्या रंगाने जेवढे लपविले आहे, तेवढे या जगात दुसऱ्या कोणत्या रंगाने लपविले असेल असे मला वाटत नाही.

तथापि जुन्या घरांतील अनुभवी बायकांना यातले काही ठाऊक नव्हते असे समजणे चुकीचे होईल. चारही सडांची पहिली धार वेगवेगळी चाखून 'हा सड खारट लागतो, याचे दूध विरजणात घालू नको' असे सांगणारी म्हातारी वस्तुतः क्लोराइडची परीक्षाच करीत असे. तिची जीभ हेच तिचे उपकरण होते. आज मात्र कच्चे दूध चाखण्याची ही रीत कोणी चालू ठेवू नये. ज्या सडावर आपला संशय आहे त्याचेच दूध तोंडात घेणे शहाणपणाचे नव्हे, आणि क्षयासारखे काही रोग गाईकडून माणसाकडे कच्च्या दुधानेच येतात. जिभेची जागा डोळ्याने घ्यावी, हेच बरे. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर किंवा काळ्या थाळीत सोडून पाहिल्या, म्हणजे पांढऱ्या भांड्यात कधीही न दिसणारे बारीक कण व गुठळ्या चटकन नजरेस पडतात. याला खर्च फडक्याचा, आणि तेही जुने चालते. परंतु गुठळ्या दिसू लागल्या म्हणजे रोग सुप्तावस्थेतून बाहेर पडावयास निघालाच आहे असे समजावे. गुठळ्या नसताना, दूध पाण्यासारखे निवळही झालेले नसताना, त्यातील पेशींची गर्दी कशी ओळखावयाची, हा खरा प्रश्न होता.

प्रयोगशाळेने त्याला दिलेले उत्तर सरळ होते: पेशी मोजाव्या. १९१० साली प्रेस्कॉट आणि ब्रीड या दोघा अमेरिकन संशोधकांनी दुधाचा एक शतांश मिलिलिटर एवढा अंश काचपट्टीवर एक चौरस सेंटिमीटरात पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील पेशी मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि आजही इतर पद्धतींचा ताळा तिच्याशी घेतला जातो. पण सूक्ष्मदर्शक, रंग, काचपट्टी आणि तासन् तास डोळे फोडून मोजणारा जाणकार माणूस ही सामग्री गोठ्यात कोठून यावयाची? गोठ्यात चालेल अशा परीक्षेच्या दिशेने पहिले मोठे पाऊल कॅनडात पडले. १९३९ साली व्हाइटसाइड याने असे दाखविले की, दाहयुक्त दुधाच्या काही थेंबांत दाहक सोड्याचे, म्हणजे कॉस्टिक सोड्याचे, सौम्य द्रावण मिसळून काडीने ढवळले तर ते दूध दाट होते आणि त्यात तंतू व गोळे दिसू लागतात. निरोगी दूध होते तसेच राहते. पांढऱ्यावर पांढरे दिसावयाचे नाही म्हणून ही परीक्षा काळ्या पार्श्वभूमीवर ठेवलेल्या काचेवर करीत. ही रीत स्वस्त होती, यात शंका नाही. पण दाहक सोडा हा कातडी जाळणारा पदार्थ, आणि मुले ज्या ओसरीवर खेळतात तिच्याच खुंटीला त्याची बाटली टांगून ठेवावयाची, हे काही कोणाच्या मनाला रुचण्याजोगे नव्हते.

यानंतर १९५७ साल उजाडते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक शाळेत ऑस्कर शाल्म आणि नूरलँडर यांनी दुधावर निरनिराळी प्रक्षालक द्रव्ये टाकून पाहण्याचा उद्योग केला, आणि त्यातून 'कॅलिफोर्निया कासदाह परीक्षा' जन्मास आली. या परीक्षेचे साहित्य म्हणजे चार उथळ वाट्यांची एक दांड्याची थाळी आणि एक जांभळट द्रावण. प्रत्येक सडाची पहिली धार टाकून देऊन नंतरचे थोडे दूध त्याच्या त्याच्या वाटीत घ्यावयाचे, थाळी कलती करून प्रत्येकीत दोन-तीन मिलिलिटर राखावयाचे, तेवढेच द्रावण घालावयाचे, आणि तांदूळ निवडताना सूप हलवावे तशी थाळी आडवी गोल फिरवीत राहावयाचे. दहा-पंधरा सेकंदांत निकाल लागतो. दूध पातळ राहिले तर सड निर्दोष. वाटीच्या तळाशी किंचित ओघळ दिसून थाळी फिरवता फिरवता नाहीसा झाला तर संशयित. स्पष्ट घट्टपणा आला तर सदोष. आणि वाटीच्या मध्यभागी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा गोळा जमून तो उंचावला, तर त्या सडात पेशींचे प्रमाण मिलिलिटरास पन्नास लाखांच्या आसपास वा त्याहून अधिक आहे असे जाणावे. द्रावणात मिसळलेला रंग हा निव्वळ सूचक असतो. दूध अल्कधर्मी झाले असल्यास तो अधिक गडद दिसतो. निकाल मात्र लगेच वाचला पाहिजे, कारण थोड्याच वेळात हा घट्टपणा विरू लागतो.

हा गोळा कशाचा? या प्रश्नाचे उत्तर, माझ्या मते, संपूर्ण पशुवैद्यकशास्त्रातील अत्यंत मनोहर उत्तरांपैकी एक आहे. प्रक्षालकाचे काम स्निग्ध पदार्थ विरघळविणे हे आहे. आणि सजीव पेशीभोवतीचे आवरण स्निग्ध द्रव्याचेच असते. कपड्यावरील तेलाचा डाग ज्या रीतीने सुटतो त्याच रीतीने प्रक्षालकाच्या स्पर्शाने पांढऱ्या पेशीचे आवरण फुटते, आतील केंद्रही फुटते, आणि त्या केंद्रात घट्ट गुंडाळून ठेवलेले आनुवंशिकतेचे लांबच लांब सूत्र, ज्याला आपण 'डीएनए' म्हणून ओळखतो, ते बाहेर उलगडते. लाखो पेशींची लाखो सूत्रे एकमेकांत गुंतली म्हणजे दूध घट्ट होते. हे केवळ अनुमान राहिले नाही. डीएनए तोडणारे विकर आधी दुधात मिसळले तर गोळा बनतच नाही, असे पुढे शाल्मच्याच प्रयोगशाळेत दाखविण्यात आले. वॉटसन आणि क्रिक यांनी या सूत्राची रचना १९५३ साली उलगडून सांगितली. त्यानंतर अवघ्या चार वर्षांत, क्ष-किरणांची छायाचित्रे आणि तारांच्या प्रतिमा ज्यासाठी लागल्या ते द्रव्य, शाळेची पायरीही न चढलेल्या गवळणीच्या थाळीत, तिच्या उघड्या डोळ्यांसमोर, बोटाने उचलता येईल अशा स्वरूपात प्रकट होऊ लागले. ते काय आहे हे तिला ठाऊक असण्याची गरज नव्हती, आणि बहुधा पहिल्या काही वर्षांत थाळी फिरविणाऱ्या पंडितांनाही ते पुरते ठाऊक नव्हते.

आता या कॅलिफोर्नियाच्या द्रावणाची किंमत काही फार नाही. परंतु ते मागवावे लागते, औषधांच्या दुकानात नेहमी मिळत नाही, आणि दोन म्हशी बाळगणारा शेतकरी त्यासाठी तालुक्याला हेलपाटे घालील ही अपेक्षा कागदावरच शोभते. ही अडचण जेथे सर्वांत तीव्रतेने जाणवली, आणि जेथे तिच्यावर अगदी घरगुती तोड निघाली, ते ठिकाण पंजाबातील, पण सरहद्दीपलीकडच्या पंजाबातील, फैसलाबाद हे होय. तेथील कृषी विद्यापीठातील पशुवैद्य गुलाम मुहम्मद व त्यांचे सहकारी यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात एक साधा प्रश्न स्वतःला विचारला: जर थाळीतील किमया प्रक्षालकाचीच आहे, तर ती किमया घराघरांत कपडे धुण्यासाठी आणलेल्या पुडीने का होऊ नये? त्यांनी बाजारातील 'सर्फ' घेतला, त्याचे शेकडा तीन या प्रमाणात पाण्यात द्रावण केले, आणि ते दुधात मिसळून पाहिले. दाहयुक्त दूध घट्ट झाले. या परीक्षेचे नावच मुळी त्यांनी 'सर्फ परीक्षा' असे ठेवले. विद्यापीठीय संशोधनाच्या दप्तरात धुण्याच्या चुऱ्याचे नाव अशा प्रतिष्ठेने दाखल झाल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

रीत अशी. अर्धा लिटर स्वच्छ पाण्यात पंधरा ग्रॅम चुरा घालून तो पूर्ण विरघळू द्यावा. चार सडांसाठी चार वाट्या घ्याव्या. आइसक्रीमचे रिकामे कप, नारळाच्या करवंट्या, काहीही चालते, फक्त ती चार असावीत आणि कोणती वाटी कोणत्या सडाची याचा घोळ होऊ नये. सड धुऊन कोरडा करून पहिल्या धारा जमिनीवर न सोडता एका भांड्यात सोडाव्या, कारण जंतूंनी भरलेले दूध बैठकीवर सांडणे म्हणजे चोराला घराची किल्ली देणे आहे. नंतर प्रत्येक वाटीत थोडे दूध, तेवढेच द्रावण, आणि मिनिटभर सावकाश हेलकावे. घट्टपणा आला, तंतू दिसले, तर त्या सडात दाह आहे. आमच्याकडे 'निरमा' हे नाव कोणत्याही कंपनीच्या चुऱ्याला लागू होते हे लक्षात घेऊन येथे एक खबरदारी सांगितली पाहिजे. परीक्षेला लागतो तो संश्लिष्ट प्रक्षालक. वडीचा जुन्या पद्धतीचा साबण नव्हे, कारण तो खाऱ्या पाण्यात फुटतो आणि दुधातील चुन्याशी त्याचे जमत नाही. शिवाय प्रत्येक चुऱ्याचे घटक व जोर निराळे असल्यामुळे एकदा जो चुरा निवडला तोच कायम ठेवावा, आणि नवी पुडी फोडली म्हणजे निरोगी असल्याची खात्री असलेल्या गाईच्या दुधावर आणि उघड दाह असलेल्या सडाच्या दुधावर तो आधी पडताळून घ्यावा. कॅलिफोर्निया परीक्षेच्या तुलनेने ही काहीशी बोथट आहे. हलका दाह तिच्या हातून निसटू शकतो. परीक्षा झालेले दूध मात्र, ते कितीही पांढरे दिसो, माणसाच्या किंवा वासराच्या पोटात जाता कामा नये.

फसगतीचीही काही ठरावीक स्थळे आहेत. नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकात पेशी स्वभावतःच पुष्कळ असतात, तेव्हा व्याल्यापासून पहिले पाच-सहा दिवस या परीक्षेवर विसंबू नये. आणि आटत आलेल्या जनावराचे दूध थोडे असल्यामुळे त्यातही पेशींची दाटी होते. अशा वेळी चारही वाट्या सारख्याच घट्ट होतात. चारांपैकी एकच वाटी वेगळी वागली, तर मात्र संशयाला जागा उरत नाही. गाय स्वतःचीच साक्षीदार होते, कारण ज्या तीन सडांशी आपण चौथ्याची तुलना करतो ते तिचेच असतात, तिच्याच रक्ताचे आणि त्याच वैरणीवरचे.

याहून निराळ्या जातीच्या दोन-तीन परीक्षा आहेत, त्यांचा उल्लेख येथे ओझरताच करतो. ब्रोमोथायमॉल ब्लू या रंगात बुडवून वाळविलेल्या कागदी पट्टीवर दुधाचा थेंब टाकला तर निरोगी दुधाने ती पिवळसर राहते आणि अल्कधर्मी झालेल्या दुधाने हिरवी, पुढे निळसर होते. पट्टी खिशात मावते, पण दाह बराच वाढल्याखेरीज ती रंग बदलीत नाही. दुधात मीठ वाढले की त्यातून वीज अधिक सहज वाहते, या तत्त्वावर चालणारी हातात धरावयाची यंत्रे निघाली आहेत. ती झटपट खरी, पण पहिला खर्च अंगावर येतो आणि बॅटरी संपली की ती फळीवर जाऊन बसतात.

पुष्कळांना असे वाटते की स्वस्त परीक्षेचे मोल तिने वाचविलेल्या पैशांत आहे. मला ते तसे वाटत नाही. महाग परीक्षा माणूस वर्षातून एकदा करतो, आणि सुप्त दाह हा वर्षातून एकदा येणारा पाहुणा नव्हे. आज निर्दोष ठरलेला सड पुढच्या पंधरवड्यात सदोष ठरू शकतो, आणि सदोष ठरलेला क्वचित आपोआप सुधारतोही. तेव्हा जी परीक्षा महिन्यातून दोनदा, काहीही न मोडता, कोणाची परवानगी न घेता, घरातल्या कोणालाही करता येईल, तीच या रोगाला पुरी पडते. पुडीचे महत्त्व ती स्वस्त आहे यापेक्षा ती संपल्याची खंत वाटत नाही यात आहे.

असे असूनही ही रीत गावोगाव रुजली नाही. दोष केवळ शेतकऱ्याच्या अज्ञानावर टाकणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. दूध-संकलन केंद्रावर भाव ठरतो तो दुधातील स्निग्धांशावर व स्निग्धेतर घनपदार्थांवर. स्वित्झर्लंडच्या गर्बरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्निग्धांश मोजण्याची सुटसुटीत पद्धत शोधली आणि आज खेड्यातल्या केंद्रावरील पोरसवदा कारकुनालाही ती मोजणी येते, याचे कारण तिच्यावर पैसे अवलंबून आहेत. पेशींच्या संख्येवर पैसे अवलंबून असते तर तीही अशीच सर्वतोमुखी झाली असती. युरोपात कच्च्या दुधाला मिलिलिटरास चार लाख पेशींची मर्यादा घातल्यावर तेथील गवळ्यांचे लक्ष कासेकडे आपोआप वळले. आपल्याकडे दाहाचा फटका खातेदाराच्या पासबुकात स्वतःच्या नावाने कधी उमटत नाही. दूध रोज अर्धा-पाऊण लिटर कमी भरते, तेव्हा तो पेंडीला दोष देतो. शर्करा घटल्यामुळे घनपदार्थ कमी लागून भाव उतरतो, तेव्हा तो केंद्राच्या मोजमापावर रागावतो. आणि रागाच्या भरात पेंड बदलतो, केंद्र बदलतो, पण सड बदलता येत नाही. घरच्या तीन गाईंचे दूध एकाच कॅनमध्ये ओतले जात असल्याने कोणाची कसूर कोणावर हेही कळत नाही. निदान एवढे करावे की, कॅनमधलेच चमचाभर दूध पुडीच्या द्रावणावर पाहावे. ते घट्ट झाले, तर मग एकेक गाय आणि एकेक सड अशी फेरतपासणी लावावी.

संकरित गाईंच्या बाबतीत हे विशेषच लागू आहे. उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उभारलेल्या संस्थेच्या आणि तिच्यासारख्या इतरांच्या प्रयत्नांनी संकरित गाय महाराष्ट्रातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात आली. तिची कास मोठी, खाली लोंबणारी, सडाचे तोंड ढिले, आणि दुधाचा भार एवढा की कासेला उसंत नाही. म्हशीच्या सडाचे वेटोळे घट्ट असते. तिची धार काढणाराची बोटे दुखतात खरी, पण तोच घट्टपणा जंतूंच्याही आड येतो. देशी गाईचे दूध थोडे, तेव्हा धोकाही थोडा. धार काढताना अंगठा मुडपून त्याच्या पेराखाली सड रगडण्याची जी सवय आपल्याकडे आहे, तिने सडाच्या आतले नाजूक अस्तर दुखावते. पूर्ण मुठीने धार काढणे हे संकरित गाईला केवळ सोयीचे नसून आवश्यक आहे.

पुडीने दोष सापडला, की लगेच सडात प्रतिजैविकाची नळी सोडण्याचा मोह होतो, आणि तो टाळला पाहिजे. परीक्षा एवढेच सांगते की आत लढाई चालू आहे. शत्रू कोण, हे ती सांगत नाही. त्यासाठी सडाचे टोक स्पिरिटने पुसून, पहिल्या धारा सोडून देऊन, उकळून घेतलेल्या बाटलीत दूध धरावे आणि ते बर्फात ठेवून जिल्ह्याच्या रोगनिदान प्रयोगशाळेत पाठवावे, म्हणजे जंतू वाढवून कोणते औषध त्यावर चालते ते पाहता येते. अंदाजाने सोडलेली औषधे जंतूंना मारण्याऐवजी निबर करतात, आणि त्यांचा अंश दुधात उतरून घराघरांत पोहोचतो. दुधाला विरजण लावूनही दही लागले नाही की गृहिणी विरजणाला नावे ठेवते. कधी कधी दोष विरजणाचा नसतो, विरजणातील निरुपद्रवी जंतूंना त्या औषधाने मारलेले असते. औषधाच्या वेष्टनावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत त्या गाईचे दूध कॅनमध्ये घालू नये, हा नियम पाळताना हात आखडतो हे मी जाणतो. आठ-दहा लिटरांचे दूध रोज उकिरड्यावर ओतणे कोणालाही जड जाणार.

१९६० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या दुग्धसंशोधन संस्थेत डॉड, नीव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाचा बंदोबस्त औषधापेक्षा शिरस्त्यावर सोपविला: धार झाल्यावर प्रत्येक सड आयोडीनसारख्या जंतुनाशकात बुडवावा, गाय आटविताना सर्व सडांत लांब मुदतीचे औषध एकदाच सोडावे, उघड दाहावर वेळीच उपचार करावा, पुनःपुन्हा बिघडणारे जनावर कळपातून काढावे, आणि दूध काढण्याचे यंत्र असेल तर ते नीट राखावे. आमच्याकडे यातले शेवटचे कलम फारसे लागू नाही आणि चौथे पाळणे कठीण आहे, कारण गोठ्यातली गाय कितीही बिघडली तरी तिला नाव असते.

धारेचा क्रम मात्र कोणालाही ठेवता येतो: प्रथम पहिलारू आणि निरोगी जनावरे, मग पूर्वी एकदा बिघडलेली, आणि वाटीत घट्ट झालेली गाय सर्वांत शेवटी, तिच्यातही सदोष सड चौथा. अडचण अशी की बिघडलेली गाय ही बहुधा सर्वांत दुधाळ असते, आणि घरातली वडीलधारी बाई तिला शेवटी ठेवावयास राजी नसते. ती हंबरते आणि म्हातारीला राहवत नाही. यावर तोड एवढीच की धारेच्या वेळी तिच्यापुढे ठेवावयाचे आंबोण धार झाल्यावर ठेवावे. मग ती गव्हाणीत तोंड घालून उभी राहते, निदान अर्धा तास बसत नाही, आणि सडाच्या तोंडाला मिटण्यास तेवढाच वेळ लागतो.